रात्री दोन वाजता ड्युटीवर एकच माणूस: वृद्ध आणि आधार लागणाऱ्या लोकांच्या निवासात आगीची तयारी कशी करायची

अशा निवासात आगीबद्दल विचारायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, फायर एक्स्टिंग्विशर किती आहेत. मग आम्ही कौतुकाने कॉरिडॉरमधले लाल सिलिंडर दाखवतो, त्यावरचं तारखेचं स्टिकर दाखवतो, आणि समोरचा माणूस समाधानाने मान हलवून जातो. पण खरं सांगू का, ज्या आजींना पलंगावरून उठायला दोन माणसं लागतात त्यांच्यासाठी तो सिलिंडर असून नसल्यासारखा आहे. त्या तो उचलणार नाहीत, पिन काढणार नाहीत. त्यांच्या खोलीत आग लागली तर जीव वाचेल की नाही हे सिलिंडरवर ठरत नाही, ते ठरतं वेगळ्याच गोष्टींवर, आणि हा सगळा लेख त्या गोष्टींचाच आहे.

मी बोलतेय ते सपोर्टेड हाउसिंग म्हणतात त्या प्रकाराबद्दल. म्हणजे माणूस स्वतःच्या खोलीत नाहीतर छोट्या फ्लॅटमधे राहतो, स्वतःच्या मर्जीने राहतो, पण हाकेला कुणीतरी असतं. वय झालेले लोक, डिमेन्शिया असलेले, पॅरालिसिस झालेले, मानसिक आजारातून सावरणारे, ऐकू न येणारे, सगळे यात आले. हे हॉस्पिटल नाही त्यामुळे चोवीस तास नर्स नाही, आणि हे पूर्ण स्वतःचं घरही नाही, त्यामुळे घोळ असा होतो की रहिवाशाला वाटतं व्यवस्थापन बघेल आणि व्यवस्थापनाला वाटतं खोलीच्या दाराच्या आत काय चाललंय तो त्यांचा प्रश्न. आग नेमकी त्या दाराच्या आतच लागते.

बरं, आधी दोन जुन्या घटना सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच समजतं. २००४ साली ३१ जानेवारीला पहाटे स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होममधे एका कपाटात आग लागली, त्या कपाटात इलेक्ट्रिकचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड होता आणि तिथेच सामानही ठेवलेलं होतं. १४ रहिवासी गेले. बऱ्याच खोल्यांची दारं उघडी होती त्यामुळे धूर थेट पलंगांपर्यंत गेला, आणि अलार्म वाजल्यावर स्टाफ आधी आग कुठे आहे ते शोधत राहिला, फायर ब्रिगेडला फोन साधारण नऊ मिनिटांनी गेला. दुसरी घटना कॅनडातली, क्वेबेकमधल्या लील-व्हेर्त गावात ज्येष्ठांच्या निवासाला २३ जानेवारी २०१४ च्या मध्यरात्री आग लागली, ३२ जण गेले. तिथे गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट अर्थाने, इमारतीचा जुना भाग स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, नसलेला होता तो जळून गेला, आणि नव्या भागात स्प्रिंकलर होते, मधे आग अडवणारी भिंत होती, तो भाग उभा राहिला. रात्रीच्या ड्युटीवर एकच कर्मचारी होता.

उघडं दार, उशिरा केलेला फोन, रात्री एकटा माणूस. यातल्या एकाही गोष्टीचा सिलिंडरशी संबंध नाही.

आधी खोलीत जाऊन बसा

बिल्डिंगचा नकाशा घेऊन सुरुवात करू नका. एकेका रहिवाशाच्या खोलीत जा, बसा, गप्पा मारा, आणि गप्पा मारता मारता बघा. यालाच व्यक्तीनुसार धोक्याची तपासणी म्हणतात, नाव मोठं आहे पण काम साधं आहे. तीन गोष्टी शोधायच्या: या माणसाच्या खोलीत आग लागण्याची शक्यता किती, लागली तर त्याला कळेल का, आणि कळलं तर तो काही करू शकेल का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारून घेऊ नका, करून बघा. आजोबांना विचारलंत की दारापर्यंत जाता येतं का तर ते म्हणणार येतं की, न यायला काय झालं. दुपारी चार वाजता चष्मा लावून चहा पिऊन येतंच. पण रात्री दोनला, चष्मा टेबलावर, कानातलं मशीन डबीत, झोपेची गोळी घेतलेली, वॉकर कोपऱ्यात ढकललेला, अंधार, अशा वेळी? म्हणून त्यांच्या परवानगीने एकदा संध्याकाळी पलंगावर झोपायला सांगा आणि दिवा मंद करून उठून दारापर्यंत यायला लावा, तुम्ही शेजारी उभे राहा म्हणजे पडणार नाहीत, आणि घड्याळ लावा. ज्या माणसाबद्दल फाइलमधे चालतो-फिरतो असं लिहिलेलं असतं त्याला कधी कधी तीन-चार मिनिटं लागतात. आता यात दुसरा आकडा जोडा: फोमच्या गाद्या, सोफे, सिंथेटिक पडदे असलेल्या आजकालच्या खोलीत आग पेटल्यापासून सगळी खोली एकदम भडकण्यापर्यंत पाच मिनिटंही लागत नाहीत, कधी कधी तीनच. आणि त्याच्या खूप आधी धुराने माणूस बेशुद्ध होतो, कारण जळणाऱ्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड दोन्ही निघतात. म्हणजे ज्याला दारापर्यंत यायला चार मिनिटं लागतात त्याचा प्लॅन पळण्याचा असूच शकत नाही, तो आग लागूच न देण्याचा आणि लागली तर तिथल्या तिथे दाबण्याचा असावा लागतो.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप लायनीत लागतं.

खोलीत काय बघायचं

सिगारेट-बिडी सगळ्यात आधी. आगी जास्त लागतात स्वयंपाकामुळे पण जीव जास्त जातात ते सिगारेटमुळे, त्यातही पलंगावर किंवा खुर्चीत ओढताना डोळा लागला की. इथे भाषण देऊन काही होत नाही, सत्तर वर्षं ओढणारा माणूस तुमचं ऐकून सोडणार नाही, उलट लपून ओढेल आणि थोटूक उशीखाली सरकवेल, ते जास्त वाईट. त्यापेक्षा मोकळं बोला, बाहेर बसायला चांगली सावलीची जागा द्या, सोबत कुणीतरी बसा, आणि खोलीतच ओढणार असतील तर खोल, जड, न कलंडणारा ॲशट्रे द्या, त्यात थोडं पाणी ठेवा, आग लवकर न पकडणारं पांघरूण आणि मांडीवर टाकायचा एप्रन मिळतो तो द्या. आणि कार्पेटवर, खुर्चीच्या हातावर, नाईटीवर छोटे काळे डाग दिसतायत का ते दर आठवड्याला बघा. जळाल्याचे डाग म्हणजे होता होता राहिलेली आग असते, ते डाग पाहून साफसफाई करणाऱ्या मावशींनी नुसतं कव्हर बदलून टाकू नये, येऊन सांगावं, हे त्यांना स्वतः जाऊन समजावा. मावशींना जितकं माहीत असतं तितकं मॅनेजरला कधीच नसतं.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. कोरड्या त्वचेला, बेडसोअरला म्हणजे पडून राहून झालेल्या जखमांना जे मलम रोज चोपडतात ते कपड्यात आणि चादरीत मुरतं, आणि मुरलेलं कापड वाळल्यावर साध्या कापडापेक्षा खूप झपाट्याने पेटतं. पॅराफिनवाल्या मलमांचं तर आहेच पण पॅराफिन नसलेल्यांचंही आहे. मलम स्वतःहून पेटत नाही, कापड पेटतं. आणि धुतलं की गेलं असं नाही, गरम पाण्यात धुतलं तरी पूर्ण निघत नाही. म्हणून जो माणूस मलम लावतो आणि सिगारेटही ओढतो, किंवा गॅसपाशी उभा राहतो, किंवा हीटरला चिकटून बसतो, त्याचं नाव यादीत सगळ्यात वर. मलम बंद करू नका, ते औषध आहे. चादरी-कपडे वारंवार बदला आणि ठिणगी लांब ठेवा.

ऑक्सिजन लावलेला असेल तर प्रकार अजून गंभीर. ऑक्सिजन जळत नाही पण जळणाऱ्याला जोर देतो, आणि तो केसांत, कपड्यांत, पांघरुणात भरून राहतो. मशीन बंद केलं आणि लगेच काडी ओढली असं चालत नाही, निदान वीस मिनिटं मोकळ्या हवेत बसावं लागतं. पेटत्या गोष्टी, गॅस, मेणबत्ती, दिवा, तीन मीटर तरी लांब. नाकाला-ओठाला व्हॅसलीनसारखं तेलकट काही लावायचं नाही, पाण्याचा बेस असलेलं जेल वापरायचं. नळी नाकातून काढून गादीवर चालू तशीच टाकून देतात ना, ती सवय मोडा.

हवेच्या गाद्यांचंही तसंच. बेडसोअर होऊ नये म्हणून पंपवाली गादी देतात, ती जळून भोक पडलं की पंप आतून हवा फुंकत राहतो आणि भात्यासारखं आगीला वारं मिळतं. सिगारेट, मलम, ऑक्सिजन, हवेची गादी यातल्या दोन गोष्टी एका खोलीत दिसल्या तर त्या रहिवाशाबद्दल त्याच आठवड्यात डॉक्टर, घरचे आणि फायर ब्रिगेडची माणसं यांच्याशी बसून बोलायचं, महिन्याच्या मीटिंगची वाट बघायची नाही.

हीटर पलंगापासून, पडद्यापासून, खुर्चीपासून एक मीटर लांब, आणि त्याच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मोजे वाळत असतातच. हीटर एक्स्टेंशन बोर्डला लावायचा नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटला. बोर्डात बोर्ड, त्यात तिसरा बोर्ड ही साखळी दिसली की समजायचं खोलीत सॉकेट कमी आहेत, ओरडण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन बोलावून दोन सॉकेट वाढवून द्या, प्रश्न मिटला. इलेक्ट्रिक ब्लँकेट घडी घालून ठेवू नये, आतली तार तुटते, गुंडाळून ठेवावं, आणि अंथरूण ओलं करणाऱ्या किंवा स्वतः बंद करू न शकणाऱ्या माणसाला देऊच नये.

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर, स्कूटर हल्ली वाढल्यात. त्या चार्ज करायची जागा कॉरिडॉर किंवा जिना नाही. एक वेगळी खोली ठेवा, अलार्म असलेली, बाहेर पडायच्या वाटेपासून बाजूला, आणि चार्जर ज्याचा त्याचाच वापरा. लिथियम बॅटरी फुगली, तिचा वास यायला लागला, हात लावल्यावर जास्तच गरम लागली तर वापर बंद. ती पेटली तर आपण विझवायला जायचं नाही, दार ओढून घ्यायचं आणि सगळ्यांना लांब न्यायचं.

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात, कारण उपाय सोपे आहेत. विसरण्याचा त्रास असेल तर ठराविक वेळाने किंवा माणूस लांब गेल्यावर आपोआप बंद होणारं उपकरण शेगडीला बसवून मिळतं. तेल पेटलं तर पाणी कधीच नाही, हात पोचत असेल तर गॅस बंद, जमलं तर झाकण किंवा फायर ब्लँकेट, नाहीतर बाहेर पडून दार बंद. आमच्याकडच्या एका आजींचा स्वयंपाक आधी आम्ही बंदच करून टाकला होता, सुरक्षित म्हणून, आणि त्या इतक्या खचल्या की जेवणच कमी झालं. शेवटी टायमर बसवला आणि सकाळच्या वेळेत कुणीतरी सोबत असतं असं ठरवलं. सगळं बंद करणं हा उपाय सोपा दिसतो पण तो माणसाचं आयुष्य काढून घेतो, तो शेवटचा ठेवा.

आणि पसारा. पेपरचे गठ्ठे, पिशव्यांत पिशव्या, डबे. नुसतं पसारा आहे असं लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही, एकाला जे खूप वाटतं ते दुसऱ्याला चालतं. त्यासाठी नऊ फोटोंची एक मोजपट्टी वापरतात, एक म्हणजे नीटनेटकं आणि नऊ म्हणजे खोली छतापर्यंत भरलेली, समोरची खोली कोणत्या फोटोसारखी दिसते तो आकडा लिहायचा. चार किंवा त्याच्या वर गेला की मदत लागते. पण माणूस नसताना खोली रिकामी करून टाकू नका, ते सामान म्हणजे त्यांचा जीव असतो, आठ दिवसांत परत तेवढंच होतं आणि तुमच्यावरचा विश्वास गेलेला असतो तो वेगळाच. पहिला सौदा एवढाच करा: पलंगापासून दारापर्यंत वॉकर जाईल एवढी वाट मोकळी, आणि शेगडी-हीटरजवळ काही नाही. बाकी हळूहळू.

अलार्म वाजला तरी ऐकू जातो का

स्मोक अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि कॉरिडॉरमधे हवा, किचनमधे स्मोकऐवजी हीट अलार्म, नाहीतर रोज फोडणीला वाजेल आणि चार दिवसांत कुणीतरी त्याच्यावर रुमाल बांधून ठेवेल. हळूहळू धुमसणारी गादीची आग ऑप्टिकल प्रकारचा, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा अलार्म लवकर पकडतो. अलार्मचं आयुष्य साधारण दहा वर्षं, मागे तारीख असते ती काढून बघा, बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे आतला सेन्सर चांगला आहे असं नव्हे. बटण आठवड्यातून एकदा दाबायचं, आणि वार-वेळ ठरवून, म्हणजे लोक दचकत नाहीत.

आता महत्त्वाचं. साध्या अलार्मचा आवाज खूप वरच्या सुरातला असतो, साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास, आणि वय वाढलं की नेमका तोच सूर ऐकू येणं आधी जातं. त्यामुळे तुम्हाला कान फाटतील असं वाटणारा अलार्म आजोबांना झोपेतून हलवतही नाही. ५२० हर्ट्झच्या खालच्या सुरातला अलार्म मिळतो, झोपलेल्या माणसाला तो कितीतरी जास्त चांगला उठवतो. अजिबात ऐकू येत नसेल तर उशीखाली थरथरणारं पॅड आणि लुकलुकणारा दिवा. हेही करून बघा, परवानगी घेऊन, कानातलं मशीन काढून झोपलेले असताना. आमच्याकडे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा एका मजल्यावरच्या सातपैकी तीन जणांनी कूसही बदलली नाही आणि मी जिन्यात बसून राहिले थोडा वेळ.

खोलीतला अलार्म फक्त खोलीत वाजून उपयोग नाही. ज्याला स्वतःहून काही करता येत नाही त्याच्या खोलीतला अलार्म ड्युटीवरच्या माणसाच्या पॅनलशी, म्हणजे कुठे अलार्म वाजला ते दाखवणाऱ्या बोर्डशी, नाहीतर चोवीस तास उचलणाऱ्या मदत-केंद्राशी जोडलेला हवा. आणि पॅनलवर झोन तीन असं दिसत असेल तर झोन तीन म्हणजे कोणत्या खोल्या हे पॅनलच्या शेजारी मोठ्या अक्षरात, आपल्या भाषेत, नकाशासकट लावा. कालच कामाला लागलेल्या मुलाला रात्री दोनला ते वाचता आलं पाहिजे, तो निकष.

दार

या एका गोष्टीवर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. खोलीचं दार बंद असेल तर आग आणि धूर खोलीत अडकतात, किंवा बाहेरचा धूर आत येत नाही, आणि तेवढ्यात कुणीतरी पोचतं. फायर डोअर म्हणून बसवलेलं दार सहसा तीस मिनिटं आग अडवायला बनवलेलं असतं, त्याच्या कडेला पट्टी असते ती उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. पण हे सगळं कधी, दार बंद असेल तर. फट साधारण तीन मिलिमीटरपेक्षा मोठी नको, पट्टीवर रंग थापलेला नको, आणि दार सोडल्यावर आपोआप येऊन पूर्ण लागलं पाहिजे, अर्ध्यात अडकणारं दार म्हणजे उघडंच दार.

आणि आपण काय करतो, दार जड आहे म्हणून खाली लाकडाचं पाचर, खुर्ची, नाहीतर अख्खं कुंडं सरकवतो. त्यात लोकांची चूक नाही, वॉकर धरून जड दार ढकलणं खरंच होत नाही, आणि कित्येकांना बंद दारामागे एकटं वाटतं, भीती वाटते. म्हणून पाचर उचलून फेकू नका, त्याजागी अलार्म वाजला की आपोआप सोडणारं चुंबकाचं होल्डर बसवा. दिवसभर दार उघडं, अलार्म वाजला की बंद. पैसे लागतात, मान्य आहे, पण लॉबीच्या नव्या सोफ्याआधी हे करा.

कुलूप आतून किल्लीशिवाय उघडणारं हवं, बोटाने फिरवायचं. खिडकीला जाळी असेल तर तीही आतून उघडणारी. आणि डिमेन्शियावाले बाहेर निघून जातात म्हणून मुख्य दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली एकाच माणसाच्या खिशात, हे बघितलंय मी, त्या माणसाला जेवायला गेलेलंही बघितलंय. इलेक्ट्रॉनिक लॉक लावा जे अलार्मबरोबर आणि लाईट गेल्यावर उघडतं.

कोण बाहेर जाणार, कोण थांबणार

हे आधी ठरवायचं आणि प्रत्येकाच्या नावाने ठरवायचं. आग शेजारच्या फ्लॅटमधे असेल आणि इमारतीच्या भिंती-दारं आग अडवायला बांधलेल्या असतील तर आपल्या खोलीत दार बंद करून थांबणं कित्येकदा जास्त सुरक्षित असतं. पण हे भिंती खरोखर तशा असतील तरच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधे १४ जून २०१७ ला थांबा हाच सल्ला होता, पण बाहेरच्या आवरणातूनच आग वर चढली, ७२ जण गेले, आणि तिथे राहणाऱ्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण त्यात होते. २०१९ च्या चौकशी अहवालाने सांगितलं की ज्यांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही अशा प्रत्येकासाठी वेगळा सुटकेचा प्लॅन हवा. म्हणून थांबायचा सल्ला द्यायच्या आधी जाणकाराकडून इमारत तपासून घ्या, वर्षानुवर्षं पाइप-केबलसाठी भिंतीत पाडलेली भोकं न बुजवता राहिलेली असतात, आणि थांबवणारे आपण असू तर परत येऊन न्यायची जबाबदारीही आपलीच.

आग स्वतःच्याच खोलीत असेल तर थांबायचं नाही, निघायचं नाहीतर काढायचं, आणि मागे दार ओढायचं. जिन्याने खाली नेणं हे शेवटचं, आधी त्याच मजल्यावर आगीपासून लांब, पुढच्या फायर डोअरच्या पलीकडे न्यायचं. दोन माणसांत पलंगावरच्या आजींना जिना उतरवणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, आणि तुमच्याकडे तर रात्री एकच माणूस आहे. गादीखाली कायम अंथरून ठेवायची पट्ट्यांची शीट मिळते, गादीसकट गुंडाळून एकट्याला ओढता येतं. माणसाला जिन्यावरून खाली उतरवायची खुर्चीही मिळते पण सराव नसेल तर ती भिंतीला टांगलेली शोभेची वस्तू.

प्लॅन एका पानाचा. नाव, खोली, कसं ऐकू येतं, कसं हलतं, किती माणसं लागतात, कोणती शीट, घाबरल्यावर काय करतात, कशाने शांत होतात. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. एक आजोबा अलार्म वाजला की कपाटात जाऊन बसायचे, ते पानावर लिहिलेलं नसतं तर कुणी तिथे बघितलंच नसतं. ही पानं मुख्य दाराजवळच्या पेटीत ठेवा, फायर ब्रिगेडला लगेच मिळतील अशी, पण येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायला नाही, लोकांचे आजार आहेत ते.

रात्रीच्या माणसाचा क्रम भिंतीवर लावा. अलार्म वाजला, पॅनल बघितलं, धूर-वास-पेटलेलं काहीही असो, आधी फोन. शोधायला नंतर. फोनमधे पत्ता, मजला, आणि न हलू शकणारे किती लोक आहेत ते. मग सगळ्यात जवळच्या धोक्यातल्या माणसाकडे. दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची, गरम लागलं तर उघडायचं नाही. धुरात खाली वाकून. लिफ्ट नाही. कपडे पेटले तर जमिनीवर लोळा असं शिकवतात पण ऐंशीच्या माणसाला लोळता येत नाही, जाड पांघरूण टाकून दाबायचं आणि मग भाजलेल्यावर भरपूर गार पाणी. एक्स्टिंग्विशर फक्त छोटी आग, पाठीमागे वाट मोकळी, आणि फोन झालेला असेल तरच.

स्प्रिंकलरबद्दल भीती असते की एक काडी पेटवली की सगळी बिल्डिंग भिजणार. असं होत नाही, ते सिनेमात. बहुतेकांत काचेची छोटी कुपी असते, साधारण ६८ अंशाला फुटते, आणि जिथे उष्णता आहे तेवढंच एक तोंड उघडतं. जुन्या इमारतीत सगळीकडे बसवणं जमत नसेल तर एका खोलीपुरतं, खुर्ची किंवा पलंगाशेजारी ठेवायचं पाण्याच्या तुषारांचं युनिट मिळतं, सिगारेट ओढणाऱ्या आणि पलंगावरच असणाऱ्या माणसासाठी मला विचाराल तर पहिला खर्च तोच करावा.

ड्रिल

सकाळी अकराला, सगळा स्टाफ हजर, रहिवासी आंघोळ करून तयार, असं ड्रिल फोटोसाठी ठीक आहे. एकदा तरी रात्रीच्या स्टाफबरोबर, रात्रीच्या संख्येने करा. रहिवाशांना झोपेतून ओढायची गरज नाही, त्यांच्याजागी स्टाफमधलाच एकजण पलंगावर झोपू दे आणि रात्रपाळीवाल्याने त्याला शीटवर ओढून फायर डोअरपलीकडे न्यावं. घड्याळ लावा. जमलं नाही तर त्याला बोलू नका, माणसं कमी आहेत हे सिद्ध झालं, ते लेखी वर पाठवा. डिमेन्शिया असलेल्यांना अलार्मचा आवाज म्हणजे काय हे लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी ओळखीचा चेहरा, हात पुढे आणि एकच छोटं वाक्य, चला माझ्याबरोबर. का, कुठे, काय झालं यात पडायचं नाही.

आणि ही पानं कधी बदलायची, तर वर्षाने नाही. हॉस्पिटलातून परत आले, नवीन गोळी सुरू झाली, पडले, ऑक्सिजन लागला, जोडीदार गेला, परत सिगारेट सुरू केली, की त्याच दिवशी खोलीत जाऊन परत बसायचं, परत घड्याळ लावायचं. हॉस्पिटलमधून घरी आलेल्या पहिल्या रात्री माणूस सगळ्यात अशक्त असतो, आणि आपल्या पेटीत मात्र त्याचं चालतं-फिरतं असतानाचं पान पडलेलं असतं.